वडाला कोयता कोण लावणार?

मोटर तिसगावच्या फाट्यावर थांबली. मी उतरले. बगलेत पत्रकांचा गठ्ठा, डोक्यावर ऊन. मोटर पाथर्डीकडे निघून गेली आणि तिची धूळ खाली बसायच्या आत मला तो वास आला. चिंचेचा फुलोरा, वडाखाली पडून चिरडलेली लाल फळं, आणि ह्या दोन्हींच्या मागे कुठंतरी, ऊन लागून पातळ झालेलं डांबर. छाटलेल्या फांदीच्या तोंडाला बाबा लावतात ते डांबर.

मला झाडांविषयी हळवं लिहायचं नाही. हळवं लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते सगळे सावलीत बसून लिहितात. मला भांडायचं आहे. पण ह्या रस्त्यावर पाय ठेवला की भांडण जरा वेळ बाजूला राहतं. त्याला माझा इलाज नाही.

माझे वडील झाडांचे मुकादम. करंजी घाट उतरला की पाथर्डीच्या वेशीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवढे म्हणून वड, चिंचा आणि कडुनिंब आहेत, तेवढे सगळे त्यांच्या ताब्यात. लावायचे त्यांनी, पाणी पाजायचं त्यांनी, छाटायचं त्यांनी, आणि मेलं तर वरचा ओरडा खायचाही त्यांनीच. गाव त्यांना मुकादम म्हणतं. कचेरीच्या कागदावर मात्र ते ‘बिगारी’ आहेत. रस्ता आखणारा साहेब, खडी मोजणारा कारकून आणि जन्मभर झाडं वाढवणारा बिगारी! ह्या एका शब्दावर मी सभेत तासभर बोलू शकते. बोललेही आहे.

ह्या पावसाळ्यात बाबांची नोकरी संपते. रस्ते कमिटीनं ठरवलं होतं की त्यांच्या जागी आता कुणी घ्यायचं नाही, झाडं कंत्राटानं द्यायची. चिंचा कंत्राटदाराच्या, वाळलेलं लाकूड कंत्राटदाराचं, आणि ‘देखभाल’ नावाची जी काही गोष्ट असते तीही त्याच्याच गळ्यात. वाळलेलं लाकूड त्याचं म्हटल्यावर कुठलं झाड वाळेल आणि कुठलं हिरवं राहील, हे सांगायला ज्योतिषी कशाला पाहिजे?

कमिटीच्या मेंबरनं नगरच्या सभेत सांगितलं होतं, “अहो, झाडं काय, उगवली की आपली आपण वाढतात. त्यांना मुकादम कशाला? उद्या म्हणाल, ओढ्यालाही मास्तर नेमा.” सभा हसली. मी मागच्या रांगेत उभी होते. मला हसू आलं नाही.

आपली आपण वाढतात!

फाट्यापासून गावाबाहेरच्या थोरल्या वडापर्यंत चालत जावं लागतं. त्या वाटेत मला आपले आपण वाढलेले सगळे उन्हाळे भेटले.

उन्हाळा म्हणजे पखालीचा वास. रेड्याच्या पाठीवर लोंबणारं ओलं कातडं, त्याच्या शिवणीतून गळणारं पाणी, आणि रेड्याच्या मागोमाग धुळीत उमटत जाणारी ओली नागमोडी रेघ. आम्ही मुलं त्या रेघेवरून अनवाणी चालायचो. जरा कुठं तळवा गार व्हायचा, की रेघ सुकून जायची. रेड्यामागून घागरी घेतलेल्या बायका. त्यांत पुढं द्वारकामावशी. तिसगावच्या शेतकऱ्याच्या घरची ही बाई. नवरा मनमाडला रेल्वेत, घरची जमीन दिरांच्या हातात, आणि ही बाबांच्या हाताखाली रस्त्यावर. पाणी घालणाऱ्या बायकांची ती पुढारी. आवाज असा, की ती करंजीला शिंकली तर तिसगावला ऐकू यावं.

रोपाभोवतीच्या आळ्यात ती घागर उपडी करायची आणि रोपाला शिव्या द्यायची. “पी मेल्या, पी! तुज्या सावलीला माजी नातवंडं बसनार न्हाईत, त्या मेंबराचीच बसतील. तरी पी!”

तापलेल्या मातीत पाणी पडलं की चर्र आवाज होतो. मग बुडबुडे. मग माती आत कुठंतरी घोट घेते आहे, असा एक बारीकसा आवाज. बाबा म्हणायचे, “आवाज थांबंपर्यंत थांबायचं. पाजून पळायचं न्हाई.” आम्ही सगळे रोपाभोवती उकिडवे बसून तो आवाज ऐकायचो. आजही मला कुणी शांतता म्हटलं, की मंदिर आठवत नाही, चर्चही आठवत नाही. ते आळं आठवतं.

दिवाळी सरली की चुना आणि गेरू. झाडांच्या बुंध्यांना पांढरा पट्टा, तांबडा पट्टा, पुन्हा पांढरा. चुना विरघळताना पिंपातून वाफ निघायची आणि डोळे चुरचुरायचे. गेरूचा कुंचला माझ्या हातात. शनिवारी रंगवलं, की रविवारी उपासनेला माझी नखं तांबडीच. पाळकसाहेब प्रार्थनेसाठी डोळे मिटायला सांगायचे आणि स्वतः माझ्या नखांकडं बघायचे. बाबा शेजारी. त्यांच्या एकुलत्या एक काळ्या कोटाला डांबराचा वास. आई दर नाताळला तो कोट उन्हात टाकायची, कडुनिंबाचा पाला घालून घडी करायची, तरी वास जायचा नाही. आता आई नाही. कोट आहे. वासही आहे.

मग फाल्गुन, आणि मढीची जत्रा. जत्रेतला गाढवांचा बाजार ज्यानं पाहिला नाही त्याला मी काय सांगू! सगळा रस्ता गाढवांनी भरलेला. त्यांचं ओरडणं, रेवड्यांचा वास, ढोल. आणि बाबांचा जीव टांगणीला. कारण गाढव मुक्कामाला थांबलं की पहिलं काय करतं? कोवळ्या झाडाची साल कुरतडतं. म्हणून जत्रेच्या आधी आम्ही शेणात कडुनिंबाचा पाला वाटून घालायचो आणि प्रत्येक कोवळ्या खोडाला तो काला लिंपायचो. माझे गेरूचे हात आता शेणाचे व्हायचे.

एकदा एक गाढववाला चिडला. “मुकादम, माझं जनावर उपाशी मारता व्हय?”

“तुजं जनावर माजं झाड खाईल,” बाबा म्हणाले. “मग पुढल्या साली कशाला बांधशील त्याला?”

“तुमच्या दाराला बांधीन!”

“बांध. दार वाळलेल्या लाकडाचं हाय. त्याला काय हुनार न्हाई.”

लढाईची वर्षं आली आणि रस्त्याचा वासच बदलला. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाच्या शेगड्या लागल्या. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटर घाटात खोकायची, थांबायची, आणि उतारू उतरून ढकलायचे. आम्हा मुलांना गंमत. बाबांना नाही. कोळसा म्हणजे लाकूड. लाकूड म्हणजे झाड. त्या वर्षांत त्यांनी मोटर आलेली पाहिली, की ते आधी तिच्या टपावरच्या पोत्यांकडं बघायचे आणि मग आपल्या झाडांकडं.

नगरच्या छावणीतून लष्करी लॉऱ्या यायच्या. सराव म्हणून गोरे सोजीर लॉऱ्यांवर फांद्या बांधायचे, शत्रूच्या विमानाला दिसू नये म्हणून. शत्रूचं विमान तिसगावला कशाला येईल, हे त्यांचं तेच जाणोत. बाबा सायकल आडवी टाकून रस्त्यात उभे राहिले. त्यांचं इंग्रजी मिशनच्या शाळेतलं, दोन इयत्तांचं. “नो कट, साहेब! गव्हर्मेंट ट्री!” सोजीर हसला, कोयता खाली ठेवला आणि बाबांना सिगारेट दिली. बाबा ओढत नसत. त्यांनी ती द्वारकामावशीला दिली. ती तिनं ओढली की नाही, ह्यावर गावात अजून दोन पक्ष आहेत.

आणि बेचाळीस. चळवळीतली पोरं संध्याकाळी कुऱ्हाडी घेऊन आली. रस्त्यावर झाड आडवं पाडायचं, लॉऱ्या अडवायच्या. माझा ऊर भरून आला होता. बाबा त्यांच्या पुढं गेले आणि म्हणाले, “रस्ता अडवायचाय ना? मग असे या माज्या मागनं.” त्यांनी त्यांना वळणावरच्या एका वाळलेल्या कडुनिंबापाशी नेलं. ते झाड तोडायची परवानगी ते कचेरीकडं कितीतरी वर्षं मागत होते. पोरांनी ते पाडलं. रस्ता अडला. दुसऱ्या दिवशी फौजदारानं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, “वाळलेलं हुतं, साहेब. मी लिहून कळवलं हुतं.” ते खरंच होतं. आज त्यांतले दोघे सभांतून सांगतात, आम्ही झाड पाडून साम्राज्य हादरवलं. हादरवलं असेल. झाड कुणी निवडून दिलं, ते मात्र सांगत नाहीत.

पखाल गेली आता. लोखंडी पिंपांची गाडी आली आहे. लॉऱ्या गेल्या, कोळशाची मोटर गेली, वळणावरच्या त्या कडुनिंबाच्या जागी बाबांनी लावलेली चिंच माझ्यापेक्षा उंच झाली आहे. मी तिच्या शेजारी उभी राहून मापून पाहिलं.

थोरल्या वडाखाली बाबा भाकरीचं फडकं सोडून बसले होते. शेजारी द्वारकामावशी, पाठ खोडाला टेकलेली, डोळे मिटलेले.

“आली पुढारीन,” ती डोळे न उघडता म्हणाली. “चपलांवरनं वळखली. दुसरं कोन असं आपटत चालतं?”

मी गठ्ठा खाली ठेवला. बाबांनी हात पुसून एक पत्रक उचललं आणि लांब धरून वाचलं. मी लिहिलं होतं: प्रत्येक रस्त्याला झाडांचा मुकादम हवा. त्याला बिगारी म्हणू नका. तालुक्याच्या गावी झाडांचं काम शिकवणारी शाळा काढा. तिथं जो शिकेल त्याला काम द्या, मग तो पुरुष असो वा बाई, कुठल्याही जातीचा, कुठल्याही धर्माचा. आणि शेवटी, जाड टायपात: येत्या निवडणुकीत बायकांनाही मत आहे, हे मेंबरसाहेबांनी विसरू नये.

“चांगलं हाय,” बाबा म्हणाले. “पर कमिटी माज्या जागी मानूस का घेत न्हाई, ते ह्यात कुठं हाय?”

“पैसा वाचवायला!”

“ते हायच. पर मेंबर मला तोंडावर काय बोलला, म्हाईत हाय? म्हनला, मुकादम, तुमच्यामागं वडाला कोयता लावायला तयार असा एक मानूस दाखवा. लगेच नेमतो.”

मेंबरचा हा डाव बिनतोड होता.

हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. ह्या रस्त्यावर निम्मे वड. आणि आमच्या भागात वडाला, पिंपळाला, उंबराला लोखंड लावायला कुणी धजत नाही. पाप लागतं. पण वड न छाटता वाढला तर फांद्या रस्त्यावर येतात, वाऱ्यानं फाटतात, कुणाच्यातरी बैलगाडीवर पडतात. म्हणून माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, कचेरीला एक ख्रिस्ती पोरगा सापडला. त्याला पापाची भीती नाही, आणि असलंच पाप तर ते आपल्या धर्माबाहेरच्या माणसाच्या डोक्यावर. सोय झाली! गावाचं पाप उचलायला आम्ही चालत होतो. पाणवठ्यावर घागर बुडवायला चालत नव्हतो. हे मी पत्रकात लिहिलं नव्हतं, बाबांनी लिहू दिलं नाही. इथं लिहिते.

आणि वटपौर्णिमा. पूजेला फांदी हवी. वडापर्यंत येणं ज्यांना जमत नाही, म्हाताऱ्या, बाळंतिणी, लांबच्या वाडीच्या, त्यांच्यासाठी बाकीच्या बायका फांद्या न्यायच्या. कोयता चालत नाही, तर काय करायच्या? हातानं पिरगाळून तोडायच्या. दोघी-तिघी मिळून लोंबकळायच्या. फांदी सुटायची ती साल घेऊन, खोडापर्यंत सोलत. वडाला लोखंड लागलं नाही, म्हणून सगळ्यांच्या मनाला समाधान, आणि वड चिकानं पांढरा. त्या संध्याकाळी बाबा घरी आले की जेवायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, आमच्याही घरी वटपौर्णिमेचा उपास असतो.

मग एका वर्षी बाबांनी छाटणीचा काळच बदलला. वर्षभराची छाटणी राखून ठेवायची आणि ती पौर्णिमेच्या आदल्या दिवशी करायची. ज्या फांद्या एरवीही काढायच्या त्याच काढायच्या, त्यांचे हातभर तुकडे करायचे, आणि प्रत्येक वडाखाली ओल्या गोणपाटात जुडी ठेवायची. पहिल्या वर्षी बायका लांबूनच बघत राहिल्या. बाबा ओरडले, “सात जल्म नवरा मागता आनि झाडाची सालटी काढता! ह्या घ्या, फुकाट हायेत!” तेव्हा द्वारकामावशी पुढं आली, जुडी उचलली आणि म्हणाली, “पाप तुमच्या अंगावर, मुकादम, फांदी आमच्या ताटात. लई ब्येस!”

तेव्हापासून तो रिवाजच झाला. चिकाचा वास, ओलं गोणपाट, हिरव्या बांगड्यांची किणकिण, आणि काळा कोट न घालता, आपला देव नसलेल्या सणाला उभे असल्यासारखे बाजूला उभे असलेले बाबा. एकही साल फाटलेली नसायची. त्या रात्री ते दोन भाकऱ्या जास्त खायचे.

आणि आता कंत्राटदाराचा माणूस बाजारात सांगत हिंडत होता, की यंदापासून फांद्या विकत मिळतील.

“बाबा, तुम्हाला कोण हवंय तुमच्यामागं?” मी विचारलं.

त्यांनी हनुवटीनं द्वारकामावशीकडं खूण केली. तिचे डोळे अजून मिटलेलेच. “तिला इचार,” ते म्हणाले. “तिला समदं येतं. वडाला तेवढा हात लावत न्हाई. चिंच कापती, निंब कापती. वड आला की कोयता माज्या हातात देती.”

“देते,” ती म्हणाली. “मी ह्याला सूत गुंडाळते. माझा नवरा रेल्वेत डबे जोडायला इंजिनाम्होरं असतो. उद्या काय बरं-वाईट झालं तर सासू म्हनंल, वडाला कापलंस.”

मी सांगायला लागले की ही अंधश्रद्धा आहे, की झाडाला... बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वारा आला. पारंब्या हलल्या. मला खरोखर भीती वाटली, की ह्या रस्त्याचं सगळं काम, इतक्या उन्हाळ्यांचं पाणी, ह्या एका बाईच्या ह्या एका भीतीपाशी येऊन संपणार आहे. आणि त्या भीतीला मी वेडी म्हणू शकत नव्हते. माणूस इंजिनासमोर उभा असतो, हे खरंच होतं.

बाजाराच्या दिवशी मेंबर आले. वडाखाली त्यांना खुर्ची टाकली. बाजाराला आलेली माणसं जमली, बायका टोपल्या घेऊन मागं उभ्या राहिल्या. मी पत्रकं वाटली. पुरुषांनी ती घेतली, वाचली, आणि घडी करून त्यांत तंबाखू बांधली.

मेंबर गोड बोलले. मुकादमांनी सरकारची पुष्कळ सेवा केली, वगैरे. मग म्हणाले, “कमिटीवर उगाच दोष येतो. ही जागा चालू ठेवायला आमची ना नाही. पण काम करणारा दाखवा. मंडळी, वडाला कोयता कोण लावणार? करा हात वर.”

एकही हात वर झाला नाही. धोतरं सावरली गेली. कुणीतरी खोकलं. मेंबर बाबांकडं बघून हसले. “बघा बुवा, तुम्हीच.”

बाबा जमिनीकडं बघत होते. मला इतका राग आला, की मी स्वतःच हात वर करणार होते. मला कडुनिंब आणि चिंच यांच्यातला फरक सोडला तर काही येत नाही, तरी करणार होते. तेवढ्यात बायकांतून आवाज आला. करंजीपर्यंत ऐकू जाणारा.

“माझा हाय की हात.”

हशा पिकला. मेंबरही हसले. “द्वारकाबाई, तुम्ही तर पुनवेला ह्याला फेरे घालता.”

“घालते. तुमच्यासारकं इलेक्शनला देवळाला घालत न्हाई. दर साली घालते.”

आता हशा दुसऱ्या बाजूनं झाला. पण बायका हसल्या नाहीत. त्यांच्यातून आक्का पुढं आली. आक्का म्हणजे गावची सुईण. तिसगावातलं अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. ती द्वारकामावशीसमोर उभी राहिली.

“द्वारके, सवाष्ण हायेस. वडाला लोखंड लावतीस व्हय?”

द्वारकामावशीचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेला पाहिला. तिनं घागर खाली ठेवली.

“आक्का, एक सांगा. गावातल्या इतक्या पोरांच्या नाळी तुमी कापल्या. लोखंडानंच ना? का पिरगाळून तोडल्या?”

“पिरगाळून कशी तोडीन, येडे? पोर मरंल की,” आक्का म्हणाली.

आणि मग आक्कानं वर वडाकडं पाहिलं. बुंध्याच्या वरच्या अंगाला, बाबांच्या रिवाजाआधीच्या कुठल्यातरी पौर्णिमेला फाटलेल्या सालीचा जुना व्रण आहे. हातभर लांब, कडा सुजल्यासारख्या. ती तिकडं बघत राहिली. ती बहुतेक त्या वर्षी लोंबकळणाऱ्यांत असेल. त्या सगळ्याच असतील.

“धुवून घेत जा कोयता,” आक्का शेवटी म्हणाली. “आनि आधी हात जोडत जा.”

“जोडीन.”

“आनि फांदी इकत मिळनार न्हाई. व्हय ना?”

“कोन इकतंय बघू तर!”

आता बायका बोलायला लागल्या, सगळ्या एकदम. मेंबरनी हात वर करून शांत व्हा म्हटलं, कुणी झालं नाही. मी पुढं जाऊन त्यांच्या हातात पत्रक दिलं, जाड टायपातली ओळ वर येईल अशी घडी करून. त्यांनी वाचलं. मग त्यांनी त्या बायकांकडं जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं, दुकानदार गिऱ्हाइकाकडं बघतो तसं.

“एक वर्ष बघू,” ते म्हणाले. “हंगामी. कंत्राट तूर्त थांबवू.”

हंगामी! जन्मभराच्या कामाला एका वर्षाची भीक! मी बोलायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझी वेणी मागून ओढली. लहानपणी ओढायचे तशी.

“रोप एक उन्हाळा जगलं पाहिजे,” ते हळूच म्हणाले. “मग त्याला कोन उपटत न्हाई.”

मी पत्रकातल्या बाकीच्या मागण्या मागं घेतलेल्या नाहीत. शाळा पाहिजेच. ‘बिगारी’ हा शब्द पुसलाच पाहिजे. हा देश नवा आहे, रस्ते नवे होतील, रुंद होतील. त्यांच्या कडेला झाड लावायचा समारंभ मंत्री करतील, फोटो निघेल, आणि दुसऱ्या दिवशी तिथं घागर घेऊन कोण येणार, हा माझा प्रश्न आहे. पूर्वी ह्या प्रश्नाला माझ्याकडं नुसता संताप होता. आता एक नावही आहे, आणि दोन बायका त्याच दिवशी मावशीला विचारून गेल्या आहेत, की चिंचेवर चढायला आम्हाला कधी शिकवशील. एकीला लुगड्याचा काष्टा नीट मारता येत नाही म्हणून मावशीनं तिला हाकललं. ती दुसऱ्या दिवशी मारून आली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आभाळ भरून होतं, वारा पडला होता. थोरल्या वडाखाली बायका जमल्या, एरवी एवढ्या पौर्णिमेलाही नसतात. आक्का चक्क पाट घेऊन आली होती. द्वारकामावशीनं कोयता धुतला, कपाळ खोडाला टेकवलं. किती वेळ टेकवलं. तिच्या पाठीवरून मला वाटलं, ती आता माघारी फिरते. मग तिनं काष्टा आवळला आणि वर गेली.

बाबा खाली मान वर करून उभे. हात रिकामे. त्या हातांचं काय करावं, हे त्यांना कळत नव्हतं. एकदा मागं बांधले, एकदा पुढं. मी शेजारी. पानांतून तिचे पाय दिसत होते, मग तेही दिसेनात. कोयत्याचा पहिला घाव ऐकू आला तेव्हा सगळ्या बायकांनी एकदम श्वास आत घेतला. चिकाचे थेंब खाली पानांवर टपटपले.

बाबांना राहवलं नाही. फांदीला आधी खालच्या अंगानं खाच द्यायची असते. नाही तर ती आपल्या वजनानं मोडते आणि जाताना साल सोलत नेते. ते ओरडले, “आधी खालनं घे! खालनं!”

“घेतलंय कवाच!” वरून आवाज आला. “तुमी सरका बाजूला, मुकादम, डोक्यात पडंल!”

बाबा हलले नाहीत. वर बघतच राहिले.

“ओ मुकादम, सरका म्हनते ना!”

तेव्हा बाबा सरकले. मलाही दंडाला धरून त्यांनी मागं ओढलं, आणि बायकांना मागं व्हा, मागं व्हा म्हणत, दोन्ही हात पसरून, रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.